√९ म्हणजे ३च, मग क्ष² = ९ चे उत्तर ±३ कसे?

प्रश्न असा आहे: क्ष² = ९ हे समीकरण सोडवताना उत्तर ±३ लिहावे लागते; नुसते ३ लिहिले तर उत्तर अपुरे धरतात. पण √९ ची किंमत विचारली आणि ±३ लिहिले, तर तेही चूक. दोन्ही ठिकाणी वर्गमूळच काढायचे आहे, मग उणे तीन एका ठिकाणी येते आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही, हे कसे? आणि ± नेमके कधी लिहायचे?

शंका रास्त आहे. पाठ केलेल्या नियमाने ती मिटत नाही, कारण मधली एक पायरी बहुतेक वेळा कोणी लिहूनच दाखवत नाही. ती पायरी पुढे येईलच. आधी मुद्दा सांगतो: √ या चिन्हातून ± कधीच बाहेर पडत नाही. ± हे समीकरण सोडवणारा लिहितो, त्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर, कारण त्याला एका अटीत बसणाऱ्या सगळ्या संख्या शोधायच्या असतात. √९ हे एका संख्येचे नाव आहे. क्ष² = ९ ही एक अट आहे. नावाला एकच धनी असतो. अटीत कितीही जण बसू शकतात.

शब्दांपासून सुरुवात करू. ९ ची वर्गमूळे दोन आहेत, ३ आणि −३, कारण दोघांचाही वर्ग ९ येतो. √९ असे लिहिले की त्या दोघांपैकी ऋण नसलेले वर्गमूळ, म्हणजे ३. दुसऱ्याला नाव हवे असेल तर −√९ असे लिहायचे. बोलताना आपण ‘नऊचे वर्गमूळ’ असे एकवचनात म्हणतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. सांगणाऱ्याच्या मनात धन वर्गमूळ असते, ऐकणाऱ्याला दोन्ही मुळे वाटतात. म्हणून शब्दांत लिहायची वेळ आली तर ‘धन वर्गमूळ’ किंवा ‘वर्गमूळे’ असे स्पष्ट लिहावे. ‘चे’ आणि ‘ची’ एवढ्या फरकाने अर्थ बदलतो.

कल्पना जुनी आहे आणि चिन्ह नवे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात हे सांगून ठेवले आहे की धन आणि ऋण या दोन्हींचा वर्ग धन असतो, धन संख्येची मुळे धन आणि ऋण अशी दोन असतात, आणि ऋण संख्येला मूळ नसते, कारण ती कशाचा वर्गच नसते. √ हे चिन्ह छापील पुस्तकात आले ते १५२५ साली, क्रिस्टॉफ रुडॉल्फ यांच्या जर्मन भाषेतल्या बीजगणितात. त्यावरची आडवी रेघ फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांनी १६३७ मध्ये वापरली. म्हणजे ‘दोन मुळे’ हे विधान संख्येबद्दलचे आहे आणि ‘√ म्हणजे एकच’ हा लिहिण्याचा ठराव आहे. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत, त्यांच्यात भांडण नाही.

हा ठराव का केला? समजा √९ म्हणजे ३ किंवा −३, काहीही चालेल असे मानले. मग √९ + √१६ किती? ३ + ४ = ७, ३ − ४ = −१, −३ + ४ = १, −३ − ४ = −७. साध्या बेरजेची चार उत्तरे झाली. तीन वर्गमुळांची बेरीज असेल तर आठपर्यंत जातील. √२ + √३ अशी संख्या संख्यारेषेवर कुठे मांडायची, हेही सांगता येणार नाही. १ + √२ ला ‘ही संख्या’ म्हणताच येणार नाही. एका चौरसाची बाजू १ असेल तर त्याचा कर्ण √२ आहे असे आपण म्हणतो तेव्हा एका ठराविक लांबीबद्दल बोलत असतो, १.४१४… एवढ्या. चिन्हाला एकच किंमत दिली म्हणून तर √ घेऊन बेरीज, गुणाकार, आलेख, सगळे करता येते. कॅल्क्युलेटरवरचे √ हे बटणही त्याच ठरावाने चालते.

याहून जवळचा पुरावा तुमच्या ओळखीच्या सूत्रातच आहे. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या वर्गसमीकरणाच्या सूत्रात √(ब² − ४·अ·क) च्या आधी ± मुद्दाम लिहिलेले असते. √ मध्येच दोन्ही चिन्हे असती तर ते ± लिहायची गरजच पडली नसती. ते बाहेरून लावावे लागते, कारण आत ते नसते.

आता ती गाळलेली पायरी. वहीत साधारण असे लिहिलेले दिसते:

क्ष² = ९
क्ष = √९
क्ष = ±३

यातली दुसरी ओळ चूक आहे आणि तिसरी ओळ दुसरीतून निघत नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि उत्तर बरोबर येते, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. खरी वाट अशी:

क्ष² = ९
√(क्ष²) = √९
|क्ष| = ३
क्ष = ३ किंवा क्ष = −३

सगळे मर्म √(क्ष²) = |क्ष| या ओळीत आहे. √(क्ष²) म्हणजे क्ष असे आपण सवयीने लिहून टाकतो, पण क्ष = −३ घेऊन पाहा: वर्ग ९, त्याचे √ ३. निघालो −३ पासून, पोचलो ३ ला. वर्ग करताना ऋण चिन्ह पुसले गेले आणि √ ते परत आणून देत नाही. हाती येते ते क्ष चे केवल मूल्य, म्हणजे शून्यापासूनचे अंतर. शून्यापासून ३ अंतरावर संख्यारेषेवर दोन बिंदू आहेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. ± जन्माला येते ते इथे, केवल मूल्याची खूण काढताना. √९ तर शेवटपर्यंत ३च राहिले.

अवयव पाडूनही तेच दिसते: क्ष² − ९ = ०, म्हणजे (क्ष − ३)(क्ष + ३) = ०, म्हणून एक कंस तरी शून्य. यात √ कुठेच नाही, तरी उत्तरे दोन. दुसरे उत्तर वर्गमूळ-चिन्हाच्या कृपेने येत नाही, हे यावरून पटावे.

म्हणून लिहिताना क्ष = ±√९ अशी ओळ लिहा, ± आधी आणि √ नंतर. क्ष² = ७ असेल तर क्ष = ±√७, साधारण ±२.६४६. क्ष² = ० असेल तर उत्तर एकच, कारण +० आणि −० एकच संख्या आहे. क्ष² = −९ असेल तर वास्तव संख्यांत उत्तर नाही, आणि तिथे ‘±’ लावून काही साधत नाही.

± कुठे लावायचे, यात फार गल्लत होते. (क्ष − ४)² = २५ घ्या. बरोबर रीत अशी:

क्ष − ४ = ±५
क्ष = ४ ± ५
क्ष = ९ किंवा क्ष = −१

चुकीची रीत अशी: क्ष − ४ = ५, म्हणून क्ष = ९, आणि मग ‘वर्गमूळ घेतले आहे’ हे आठवून शेवटी क्ष = ±९. इथे −९ घालून पाहिले तर (−१३)² = १६९ येते, २५ नव्हे. आणि खरे दुसरे उत्तर −१ हातचे गेले. ± ची जागा ज्या ओळीत √ घेतले त्याच ओळीत असते, उत्तराच्या शेपटीला नव्हे. ज्याचा वर्ग होता त्या संपूर्ण कंसाला ते लागू असते.

दोन्ही बाजूंना वर्ग असेल तर? (२क्ष − १)² = (क्ष + ४)². दोन्हीकडे √ घेतले की |२क्ष − १| = |क्ष + ४|. आता दोन्ही बाजूंना ± लिहिले तर चार ओळी होतील: दोन्ही धन, दोन्ही ऋण, आणि दोन मिश्र. पण दोन्ही बाजू ऋण असणे म्हणजे दोन्ही धन असण्यासारखेच, −१ ने गुणले की तीच ओळ. म्हणून ± एकाच बाजूला पुरते: २क्ष − १ = ±(क्ष + ४). कंस मात्र सोडू नका. धन चिन्ह घेतले तर क्ष = ५. ऋण घेतले तर २क्ष − १ = −क्ष − ४, म्हणजे ३क्ष = −३, क्ष = −१. पडताळा: ५ साठी ८१ = ८१, −१ साठी ९ = ९. कंस न घालता −क्ष + ४ लिहिले असते तर क्ष = ५/३ आले असते, आणि ते चूक आहे.

केवल मूल्याकडे पुन्हा वळतो, कारण अडखळणारे तिथेच जास्त अडखळतात. व्याख्या सांगते की क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष. यावर लगेच हरकत येते: केवल मूल्य धन असते म्हणता आणि −क्ष लिहिता? −क्ष च्या पुढे उण्याची खूण आहे म्हणून ती संख्या ऋण, हा समज मनातून काढायला हवा. क्ष = −५ असेल तर −क्ष = ५. अक्षरापुढची उण्याची खूण ‘चिन्ह उलट करा’ एवढेच सांगते. उलटल्यावर काय मिळेल हे मूळ संख्येवर अवलंबून.

हे प्रत्यक्ष कुठे लागते? √(७ − ४√३) सोपे करा, असे उदाहरण येते. कंसातली संख्या पूर्ण वर्गात बसवायची: ७ म्हणजे ४ + ३, आणि ४√३ म्हणजे २ × २ × √३. म्हणून ७ − ४√३ = (२ − √३)². पण हाच वर्ग (√३ − २)² असाही लिहिता येतो, आणि ज्याने तसा लिहिला तो उत्तर √३ − २ देऊन मोकळा होतो. √३ साधारण १.७३२ आहे, म्हणजे √३ − २ ऋण आहे, सुमारे −०.२६८. √ चे उत्तर ऋण येऊच शकत नाही. बरोबर उत्तर २ − √३. अशा उदाहरणात वर्गाबाहेर येताना आधी केवल मूल्याच्या दोन उभ्या रेघा घाला, आतली संख्या धन की ऋण ते दशांशात अंदाजाने पाहा, आणि मगच रेघा काढा. वेळ अर्ध्या मिनिटाचाही लागत नाही.

अक्षरे असतील तर हीच काळजी घातांकांत घ्यावी लागते. √(क्ष⁴) = क्ष², इथे रेघांची गरज नाही, कारण क्ष² ऋण होतच नाही. √(क्ष⁶) मात्र |क्ष³|, कारण क्ष³ ऋण असू शकतो. प्रश्नात ‘क्ष धन आहे’ असे दिले असेल तर रेघा गाळता येतात. पुष्कळ पुस्तकांत करणींच्या (√२, √३ अशा मुळांच्या) प्रकरणात ही अट सुरुवातीलाच एकदा सांगितलेली असते आणि नंतर ती सगळे विसरतात. आणखी एक जोडी वेगळी ओळखा: (√क्ष)² आणि √(क्ष²). पहिल्यात क्ष ऋण असताच कामा नये, आणि तशी अट पाळली की उत्तर क्ष. दुसऱ्यात क्ष कोणतीही वास्तव संख्या चालते, आणि उत्तर |क्ष|.

आतापर्यंत उत्तर निसटण्याची भीती होती. उलट दिशेने गेलो, म्हणजे दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की नसलेले उत्तर घुसते. हे घ्या:

√(क्ष + ६) = क्ष

दोन्ही बाजूंचा वर्ग: क्ष + ६ = क्ष², म्हणजे क्ष² − क्ष − ६ = ०, (क्ष − ३)(क्ष + २) = ०. क्ष = ३ किंवा −२. आता मूळ समीकरणात घालून पाहा. ३ साठी √९ = ३, जमले. −२ साठी √४ = २, आणि उजवीकडे −२. जमत नाही. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, तरी उत्तर खोटे. कारण वर्ग केल्यावर √(क्ष + ६) = क्ष आणि −√(क्ष + ६) = क्ष या दोन वेगळ्या समीकरणांतून एकच ओळ तयार होते. −२ हे त्या दुसऱ्या समीकरणाचे खरे उत्तर आहे. आपल्या समीकरणाचे नव्हे. √ म्हणजे ± असे मानणारा माणूस इथे हमखास फसतो: तो म्हणतो ‘√४ म्हणजे −२ पण होते की’, आणि खोटे उत्तर ठेवून देतो.

म्हणून √ असलेल्या समीकरणात वर्ग करण्याआधी एक ओळ लिहून ठेवावी: उजवी बाजू शून्य किंवा शून्यापेक्षा मोठी हवी. वरच्या उदाहरणात क्ष ≥ ०. मग −२ आपोआप बाद. √(५ − क्ष) = क्ष − ५ घेतले तर डावीकडे क्ष ≤ ५ हवा आणि उजवीकडे क्ष ≥ ५; काही न सोडवताच क्ष = ५ हे एकमेव उत्तर दिसते. वर्ग करत बसलात तर ४ हे जादा उत्तर मिळेल आणि पडताळ्यात ते गळेल: डावीकडे √१ = १, उजवीकडे −१. √क्ष = −४ असे दिले असेल तर वर्ग करून क्ष = १६ लिहू नका. √ ऋण होत नाही, म्हणून उत्तर नाही, एवढेच लिहायचे.

अशा समीकरणात पडताळा ही सोडवण्याची शेवटची पायरीच आहे, ऐच्छिक काम नव्हे. साध्या रेषीय समीकरणात तो न करता निभावते. इथे निभावत नाही.

वर्गसमीकरणाच्या सूत्राबद्दल एक बारीक गोष्ट. वर्ग पूर्ण केल्यावर ही ओळ मिळते:

(क्ष + ब/२अ)² = (ब² − ४·अ·क)/४अ²

उजव्या बाजूचे √ घेताना छेदात √(४अ²) येते, आणि ते २|अ| आहे, २अ नव्हे. तरी सूत्रात सरळ २अ लिहितात. हे चालते कारण बाहेर ± आहे. अ ऋण असेल तर |अ| च्या जागी अ लिहिल्याने अधिक आणि उणे यांची अदलाबदल होते, पण दोन्ही उत्तरे आपण घेणारच असतो, म्हणून जोडी तीच राहते. ± नसते तर ही सूट मिळाली नसती. सूत्र सिद्ध करताना हे सांगून पुढे गेले तर ऐकणाऱ्याला केवल मूल्याचे काम फार चांगले कळते.

समीकरण सुटले की दोन्ही उत्तरे चालतातच असे नाही, आणि ते समीकरण ठरवत नाही, मूळ प्रसंग ठरवतो. भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’तले वानरांचे उदाहरण यासाठी नामी आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी वानरे गुहेत गेली. एक वानर फांदीवर दिसले. कळपात एकूण किती? मांडणी:

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

दोन्ही बाजूंना २५ ने गुणून आवरले की क्ष² − ५५क्ष + २५० = ०. विवेचक, म्हणजे सूत्रातल्या √ च्या आतली ब² − ४·अ·क ही संख्या, ३०२५ − १००० = २०२५, √२०२५ = ४५ (फक्त ४५), आणि क्ष = (५५ ± ४५)/२, म्हणजे ५० किंवा ५. दोन्ही समीकरणात बसतात: ५० साठी ७² + १ = ५०, आणि ५ साठी (−२)² + १ = ५. पण पाच वानरांच्या कळपाचा पाचवा भाग एक, आणि एकातून तीन वानरे वजा कशी करणार? −२ वानरे नसतात. भास्कराचार्यांनीही ५ हे उत्तर याच कारणाने नाकारले. पाहण्यासारखे हे की ५ स्वतः धन आहे. ‘ऋण उत्तर टाका, धन ठेवा’ हा सरसकट नियम इथे उपयोगी पडला नसता. वर्गाच्या आत जे होते ते ऋण होते, आणि वर्गाने ते लपवले. हेच उदाहरण ‘तीनातून पाचवा भाग वजा करा’ असे दिले असते तर समीकरण अगदी तेच झाले असते आणि उत्तर ५ आले असते, ५० बाद झाले असते.

लांबी, क्षेत्रफळ, वस्तूंची संख्या, प्रमाण विचलन अशा ठिकाणी ऋण मूळ अर्थातच सोडायचे. काटकोन त्रिकोणात बाजू ६ आणि ८ असतील तर कर्णाचा वर्ग १०० आणि कर्ण १०. तरीही ‘कर्ण ही लांबी आहे म्हणून ऋण किंमत घेतली नाही’ हे अर्धे वाक्य लिहावे. ते लिहिले की आपण दुसरे मूळ विसरलो नव्हतो, विचार करून सोडले, हे दिसते. स्थान, वेग, तापमान, वर्तुळावरच्या बिंदूचा निर्देशक असे काही असेल तर मात्र ऋण किंमत घाईने टाकू नका. क्ष² + य² = २५ या वर्तुळावर क्ष = ३ असताना य = ४ आणि य = −४ असे दोन खरेखुरे बिंदू आहेत. य = √(२५ − क्ष²) एवढेच लिहिले तर वरचे अर्धे वर्तुळ काढले जाते; खालच्या अर्ध्यासाठी य = −√(२५ − क्ष²) वेगळे लिहावे लागते.

± या खुणेचेही सगळीकडे एकच काम नसते, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून त्रिकोणमितीत गाडी अडते. क्ष = ±३ मध्ये अर्थ आहे ‘दोन्ही उत्तरे’. २५ ± ०.५ मिमी असे मापाबद्दल लिहिले तर अर्थ आहे ‘२४.५ पासून २५.५ पर्यंत कुठेही’. आणि तिसरा अर्थ असा: ‘दोहोंपैकी एकच, कोणते ते माहितीवरून ठरवा’. साइन थीटा = ३/५ दिले, कोसाइन काढा. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग = १, म्हणून कोसाइनचा वर्ग १६/२५ आणि कोसाइन थीटा = ±४/५. कोन एकच असेल तर त्याचा कोसाइन एकच असणार. कोन पहिल्या चरणात (०° ते ९०°) असेल तर ४/५, दुसऱ्यात (९०° ते १८०°) असेल तर −४/५. चरण दिलेला असूनही ±४/५ लिहून सोडणे ही चूक आहे, आणि चरण दिलेला नसताना नुसते ४/५ लिहिणेही चूकच.

अर्धकोनाच्या सूत्रातले ± याच तिसऱ्या जातीचे. १०५° चा कोसाइन हवा असेल तर २१०° च्या कोसाइनवरून (तो −√३/२ आहे) काढता येतो: ±√((१ − √३/२)/२). √ ची किंमत सुमारे ०.२५८८. १०५° दुसऱ्या चरणात, तिथे कोसाइन ऋण, म्हणून उत्तर −०.२५८८. चिन्ह ठरवताना १०५° चा चरण पाहायचा, २१०° चा नव्हे. ही अदलाबदल फार वेळा होते, आणि तिसऱ्या चरणातही कोसाइन ऋणच असल्याने या उदाहरणात ती पकडली जात नाही. साइनसाठी हीच चूक केली की लगेच उघडी पडते: २१०° चा साइन ऋण, १०५° चा धन.

असमानतेत ± ला जागाच नाही. क्ष² < ९ वरून क्ष < ±३ लिहिलेले दिसते. ‘उणे तीनपेक्षा लहान किंवा तीनपेक्षा लहान’ असा त्याचा अर्थ घेतला तर −१०० सुद्धा चालेल, आणि त्याचा वर्ग १०,००० आहे. इथेही केवल मूल्यानेच जा: |क्ष| < ३, म्हणजे शून्यापासूनचे अंतर तीनपेक्षा कमी, म्हणून −३ < क्ष < ३. क्ष² > ९ असेल तर |क्ष| > ३, म्हणजे क्ष < −३ किंवा क्ष > ३. पहिल्यात एक सलग तुकडा मिळतो, दुसऱ्यात दोन सुटे तुकडे.

घनमुळात हा प्रश्न येत नाही. −२ चा घन −८ आहे, २ चा ८. घन करताना चिन्ह पुसले जात नाही, म्हणून ∛(−८) = −२ आणि क्ष³ = ८ चे वास्तव उत्तर फक्त २. चिन्ह पुसतात ते सम घात. क्ष⁴ = १६ ची वास्तव उत्तरे ±२, पण १६ चे चतुर्थ मूळ असे चिन्हाने लिहिले तर २च. ९ चा १/२ घात असे लिहिले तरी उत्तर ३; घातांकाच्या रूपात लिहिल्याने ± येत नाही. आणि −३² आणि (−३)² वेगळे: पहिल्यात आधी वर्ग, मग उणे, म्हणून −९, दुसऱ्यात ९. कंस गाळून कॅल्क्युलेटरवर टाकले आणि उत्तर ऋण आले की पुढे √ घेताना यंत्र त्रुटी दाखवते, आणि चूक √ मध्ये शोधली जाते.

आतली संख्या ऋण असेल तर काय, हेही विचारले जातेच. −√९ आणि √(−९) यांत गल्लत करू नका: पहिली संख्या −३ आहे, दुसरी वास्तव संख्यांत नाहीच. संमिश्र संख्यांत आय² = −१ घेऊन √(−९) = ३ आय लिहितात, आणि तिथेही −९ ची वर्गमूळे दोन असतात, ३ आय आणि −३ आय; चिन्हासाठी त्यांतले पहिले निवडलेले असते. मात्र वास्तव संख्यांत सर्रास वापरला जाणारा √अ × √ब = √(अब) हा नियम अ आणि ब दोन्ही ऋण असताना चालत नाही. √(−४) × √(−९) मध्ये आधी गुणाकार केला तर √३६ = ६ येते. पण √(−४) = २ आय, √(−९) = ३ आय, आणि त्यांचा गुणाकार ६ आय² = −६. बरोबर उत्तर −६. म्हणून ऋण संख्येचे √ दिसले की गुणाकार, भागाकार काहीही करण्याआधी आय बाहेर काढून घ्यायचे.